सहावा गठ्ठा

सीताराम ओव्हाळांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. एकतीस टक्के. मघाशी चहा करायला उठले तेव्हाही एकतीसच होते. आकड्याखाली एक ओळ होती : अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका.

"बंद कोण करतंय," ते म्हणाले. "सकाळी सातपासून चालूच करतोय."

ऐकायला घरात कुणी नव्हतं. बायको राधा जाऊन तीन वर्षं होत आली होती, मुलगा संजय नाशिकला होता आणि मुलगी मैत्री कोथरूडला. बिबवेवाडीतल्या त्या दोन खोल्यांत ओव्हाळ एकटेच राहत, पण दोघांपुरतं बोलायची सवय काही गेली नव्हती.

संगणक तेरा वर्षांचा. मैत्री कॉलेजात असताना घेतलेला. तिला बँकेत नोकरी लागली, तिने स्वतःचा लॅपटॉप घेतला आणि हा आईवडिलांकडे राहिला. तेराव्या वर्षी माणसाला मिसरूड फुटत नाही, संगणकाची मात्र नव्वदी उलटलेली असते. तरी ओव्हाळ त्याला जपत. वापरून झाला की राधाने शिवलेलं फुलाफुलांचं कापड त्याच्यावर घालत. चौदा एप्रिलच्या आधी सगळं घर पुसून निघायचं, तेव्हा त्याच्या पाठीमागची धूळ ते रंगाच्या ब्रशने स्वतः काढत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

गेली दोन वर्षं हा संगणक मधूनमधून विचारायचा, अपडेट आता करू की नंतर? ओव्हाळ न चुकता 'नंतर' दाबत. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला 'नंतर' कुठे दाबायचं हे शिकवावं लागत नाही. आज मात्र त्याने विचारलंच नाही. आणि नेमकं आजच त्यांना त्याच्याशी काम होतं.

कळफलकाच्या शेजारी एक फॉर्म पडला होता. विहारातल्या महिला मंडळाच्या शर्मिला शिरसाट तो शुक्रवारी देऊन गेल्या होत्या. मंडळ एक पुस्तक काढत होतं. वस्तीतल्या बायकांनी स्वतःच्या आयुष्याबद्दल स्वतः लिहिलेली पानं, एकीला दोन पानं. राधाने तिचं लिखाण मंडळात थोडंसं वाचून दाखवलं होतं, त्यामुळे ते आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"ओव्हाळभाऊ, तीन वर्षं तुम्ही शोधताय," शर्मिलाताई उभ्या उभ्याच म्हणाल्या होत्या. "संगणकात आहे म्हणता. संगणक आहे तरी केवढा?"

"जुना आहे. सावकाश चालतो."

"चालू दे. सोमवारी सगळं छापखान्यात जाणार. नाहीच मिळालं, तर राधाताईंचा फोटो, खाली नाव, आणि बाकी पान कोरं सोडू."

"कोरं कशाला? मी देतो ना लिहून दोन शब्द."

"तुमचे दोन शब्द नकोत, भाऊ. पुस्तक बायकांचं आहे."

जाताना त्यांनी तो फॉर्म टेबलावर ठेवला. लिहिणारी हयात नसेल तर जवळच्या नातेवाइकाची सही लागत होती. 'मजकुरात कोणताही बदल न करता छापण्यास माझी संमती आहे.' ओव्हाळांनी ती ओळ वाचली, फॉर्म पालथा घातला आणि त्याच्यावर चष्म्याचं घर ठेवलं.

पण ते कोरं पान दोन दिवस त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. राधाचा फोटो, खाली नाव आणि त्याखाली काही नाही. जणू बाईला सांगायसारखं काही नव्हतंच. रविवारी सकाळी उठल्या उठल्या त्यांनी ठरवलं. लिखाण बाहेर काढायचं, शेवटच्या सात-आठ ओळी तेवढ्या वगळायच्या, आणि उरलेलं देऊन टाकायचं. दोन पानांत सात-आठ ओळी म्हणजे काही बदल नव्हे. कुणाला कळणारही नव्हतं. ते लिखाण त्यांच्याखेरीज कुणी शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं.

साडेअकरा वाजता पडदा उजळला. 'स्वागत आहे', त्यावर लिहिलं होतं.

"माझ्याच घरात माझं स्वागत," ओव्हाळ म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली.

पडद्याचा रंग बदलला होता, खालची पट्टी मधोमध सरकली होती, पण त्यांचे गठ्ठे जागेवर होते. गठ्ठे हा त्यांचाच शब्द. कचेरीत प्रत्येक टेबलाचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायची पद्धत असते. ज्याच्यावर काम व्हायचंय तो कागद प्रलंबितमध्ये, ज्याचं उत्तर यायचंय तो प्रतीक्षेत, असं करत करत सहावा आणि शेवटचा गठ्ठा 'ड' कागदांचा. ड म्हणजे वर्षभर ठेवून नष्ट करायचे. पण नष्ट करायचे म्हणजे उठून फाडायचे नव्हेत. आधी त्यांची यादी करायची, यादीवर साहेबांची सही घ्यायची, मग पोत्यात भरायचे. सही नाही तोवर ड गठ्ठ्यातलं चिटोरंही हलायचं नाही. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर ओव्हाळांनी हीच पद्धत घरच्या संगणकावर आणली. गॅसवाल्याचा नंबर 'स्थायी आदेश' मध्ये, विजेची बिलं 'नियतकालिक' मध्ये, नातवाचे फोटो 'अभिलेख' मध्ये. राधा हसायची. एकदा तिने विचारलं होतं, "मी कुठल्या गठ्ठ्यात?"

पाच गठ्ठ्यांसाठी त्यांनी पाच फोल्डर केले होते. सहावा करायची गरजच पडली नाही, तो तयार मिळाला होता. पडद्याच्या कोपऱ्यात कचरापेटीचं चित्र होतं. नको असलेलं तिथे टाकायचं, आणि ती रिकामी करतो म्हणेपर्यंत ते तिथेच राहायचं. ओव्हाळांना ही व्यवस्था फार आवडली. कंपनीत कुणीतरी जुन्या कचेरीतला माणूस असला पाहिजे, असं ते मैत्रीला म्हणालेही होते. फक्त 'कचरापेटी' हे नाव त्यांना खटकलं. ते त्यांनी बदलून '६ – ड' असं केलं.

आता त्या '६ – ड' वर त्यांनी दोनदा टिचकी मारली. समोर पांढरं उघडलं. त्यांनी ते बंद केलं, पुन्हा उघडलं. पुन्हा पांढरं. 'हे फोल्डर रिकामे आहे.'

ओव्हाळांनी पाचही गठ्ठे उघडून पाहिले. मग खाली जाऊन साईनाथला घेऊन आले.

साईनाथचं संगणक दुरुस्तीचं दुकान इमारतीखालीच होतं. पन्नाशीचा, बारीक मिश्यांचा माणूस. त्याने पंधरा-वीस मिनिटं काही न बोलता काम केलं, पेनड्राइव्हवरून कसलासा शोधायचा प्रोग्रॅम चालवला, आणि मग खुर्ची ओव्हाळांकडे वळवली.

"काका, ह्याच्यात जागाच शिल्लक नव्हती. अपडेट केवढं मोठं, हा केवढा. मग त्याने काय केलं, कचरापेटी रिकामी केली आणि स्वतःला जागा करून घेतली."

"मला न विचारता?"

"नवीन सेटिंग आहे. आपोआप करतो."

"मग परत काढ ना."

"तेच बघत होतो. जिथे तुमची फाईल होती तिथे नवीन सामान चढलंय. नाही निघणार." साईनाथने जरा थांबून विचारलं, "पण काका, कामाची फाईल होती तर कचरापेटीत कशाला टाकली?"

"टाकली नव्हती. ठेवली होती."

"कचरापेटीत कुणी ठेवतं का?"

"आमच्याकडे छत्तीस वर्षं ठेवत होते. सही झाल्याशिवाय एक कागद हलला नाही. ह्याला सही कुणी दिली?"

साईनाथला हसू आलं, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्याने ते मिशीत आवरलं. "तुम्हीच दिलीय काका. पहिल्यांदा चालू केला तेव्हा लांबलचक काहीतरी आलं असेल आणि खाली 'मान्य आहे'. दाबलं असेल ना?"

ओव्हाळ संगणकावरच्या फुलाफुलांच्या कापडाची घडी घालू लागले. सरकारी परिपत्रक खालच्या 'प्रत माहितीसाठी सादर' पर्यंत वाचणारा हा माणूस. ते तेवढं मात्र त्यांनी वाचलं नव्हतं. कुणीच वाचत नाही.

दार उघडंच होतं. मैत्री हेल्मेट हातात घेऊन आत आली. वडिलांनी फोनवर फक्त "आईचं लिखाण गेलं, ये" एवढंच सांगितलं होतं. साईनाथने तिला तेच पुन्हा थोडक्यात समजावलं. पैशाचं विचारल्यावर "काम झालंच नाही, पैसे कसले" म्हणाला आणि खाली गेला.

"तेरा वर्षं," ओव्हाळ म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "तेरा वर्षं मी ह्याला पुसतोय, झाकतोय. माणूस ठेवला असता घरात, तर त्यानेही निदान विचारलं असतं, काका हे टाकू का? विश्वासघातकी आहे लेकाचा. माझ्या घरात बसून, माझी वीज खाऊन, माझ्या माणसाचं लिहिलेलं मला न विचारता..."

ते वाक्य पुरं होईना. मैत्रीने हेल्मेट पलंगावर ठेवलं आणि संगणकासमोरच्या खुर्चीत बसली.

"पप्पा, तुम्ही तर म्हणत होता सापडत नाही."

"सापडलं होतं."

"कधी?"

"तेव्हाच."

"म्हणजे तीन वर्षांपूर्वी." तिने '६ – ड' उघडलं, पांढरं बघितलं, बंद केलं. "आणि तुम्ही ते कचऱ्यात टाकलंत."

"ड म्हणजे कचरा नव्हे. वर्षभर राखून..."

"तीन वर्षं झाली, पप्पा."

ती हे शांतपणे म्हणाली, म्हणून ते जास्त लागलं. ओव्हाळ उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली रिक्षावाल्याची आणि भाजीवालीची जागेवरून हुज्जत चालली होती. ते ती बघत राहिले, पण ऐकू त्यांना काही येत नव्हतं.

राधाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी संगणक उघडला होता. प्रलंबित गठ्ठ्यात एक फाईल होती, ती त्यांनी ठेवलेली नव्हती. तिचं नाव होतं 'नेमणूक'. आपलंच काही जुनं असेल म्हणून त्यांनी ती उघडली आणि वाचत गेले. शेवटाला आल्यावर त्यांनी ती बंद केली आणि उचलून '६ – ड' मध्ये ठेवली.

कारण बेचाळीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट राधाला माहीत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. त्र्याऐंशी साली तिच्या नावाचा एक लांबट खाकी लिफाफा त्यांच्या कचेरीत आला होता. भाड्याच्या खोल्या सारख्या बदलाव्या लागत, म्हणून तिच्या अर्जावर पत्ता कचेरीचा दिला होता, द्वारा सी. गो. ओव्हाळ. आत तिच्या शिक्षिकेच्या नेमणुकीचा आदेश होता. गाव वेल्ह्याच्या बाजूला, दिवसातून एक एसटी. घरात संजय दोन वर्षांचा, आई अंथरुणाला खिळलेली. ओव्हाळांनी आदेश वाचला, पुन्हा पाकिटात घातला आणि संध्याकाळी घरी नेऊ म्हणून टेबलावर ठेवला. संध्याकाळी नेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हजर व्हायला पंधरा दिवसांची मुदत होती. सोळाव्या दिवशी त्यांनी पाकीट ड गठ्ठ्यात घातलं. फाडलं नाही. हे त्यांनी स्वतःला पुढे कितीदा सांगितलं असेल, की फाडलं तर नाही. वर्षाने यादी झाली, साहेबांनी न वाचता सही केली आणि पोतं गेलं. राधा तेव्हा पोस्टमनच्या वेळेला दारात जाऊन उभी राहायची. ओव्हाळ आत वर्तमानपत्र वाचत बसायचे.

"न विचारता," ते खिडकीशी पुन्हा पुटपुटले आणि अर्ध्यावरच थांबले.

"काही आठवतं का तुम्हाला त्यातलं?" मागून मैत्रीने विचारलं.

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

"दर महिन्याच्या एक तारखेला बाहेर काढायचो. वाचायचो. परत ठेवायचो."

खुर्ची करकरली. मैत्री संगणकाकडे वळली होती. "मग सांगा. मी टाइप करते."

"ह्याच्यावर नको. उद्या पुन्हा गिळेल."

"आईने ह्याच्यावरच लिहिलं होतं. लगेच शर्मिलाताईंना पाठवू, मग गिळू दे काय गिळायचंय ते."

कळफलक जुना, जाड कळांचा होता. राधाच्या बोटांनी त्यावरची दोन-तीन अक्षरं पार पुसून टाकली होती. एक बोट वर धरून, कळ शोधून, टक् करून दाबायची तिची रीत होती. मैत्रीचा हात भराभर चालायचा. ओव्हाळांनी खिडकीचा गज धरला आणि पाठमोरेच सांगायला सुरुवात केली.

"'माझे वडील दौंडला रेल्वेत गँगमन होते. त्यांना स्वतःचं नाव लिहायला मी शिकवलं. तेव्हा मी चौथीत होते. ते पाटीवर नाव लिहायचे आणि पुसायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी मला शाळेत न्यायला पाटी नसायची.'"

मैत्री हसली आणि नाक ओढलं. कळा वाजत राहिल्या.

ओव्हाळ सांगत गेले. त्यांना एका शब्दासाठीही थांबावं लागलं नाही. राधाच्या वडिलांनी पहिल्या पगारात तिच्यासाठी आणलेली पुस्तकं, डी.एड.चं वसतिगृह, तिथे दोघींत मिळून खाल्लेली एक भाकरी, लग्न, मुलाखतीला जाताना शेजारणीची नेसलेली जांभळी साडी. आपण बोलतोय तो आवाज आपला आणि वाक्यं तिची, हे त्यांना मधूनच जाणवायचं. एवढी वर्षं वाचताना त्यांनी ते कधी मोठ्याने वाचलं नव्हतं. तिला अशी ऐकायला किती चांगली वाक्यं सुचत होती, आणि घरात ती फक्त "जेवायला वाढू का" विचारत राहिली.

"'मुलाखत चांगली झाली. साहेब म्हणाले, ऑर्डर घरी येईल. दीड वर्ष वाट पाहिली. मग वाट पाहणं सोडलं आणि शिवणाचं मशीन घेतलं.'"

इथे ते थांबले. खालची हुज्जत मिटली होती. भाजीवाली तिच्या जागेवर होती आणि रिक्षा पुढे सरकली होती. इथे संपवलं तर कापलेलं कुठे दिसणार नाही, हे त्यांनी सकाळीच मनाशी हेरून ठेवलं होतं. शिवाय आता तर मूळ कागदच कुठे उरला नव्हता. त्या मेल्या यंत्राने घात केला होता, तसा एक उपकारही करून ठेवला होता.

"संपलं," ते म्हणाले. "एवढंच आहे."

कळांचा आवाज थांबला नाही.

शेवटचं वाक्य पुरं करत असेल, असं त्यांना वाटलं. आवाज चालूच राहिला. एक ओळ, दुसरी ओळ. मध्ये जरासं थांबून, आठवून, पुन्हा चालू. ओव्हाळ वळले. मैत्रीचं तोंड पडद्याकडे होतं. ते दोन पावलं पुढे आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि तिच्या खांद्यावरून वाचू लागले.

'ती ऑर्डर आली होती. ह्यांच्या कचेरीच्या पत्त्यावर आली होती. ह्यांनी ती ड गठ्ठ्यात ठेवली. वर्षाने ती पोत्यात गेली. हे मला सत्तावीस वर्षांनी कळलं, ह्यांच्या निरोपाच्या जेवणात. ती पोती भरणारे रेकॉर्डचे संभाजीभाऊ पंगतीत वाढत होते, ते बोलून गेले. त्यांना वाटलं, मला माहीत आहे. मी ताटावरून उठले.'

कर्सर शेवटच्या शब्दापुढे उघडझाप करत होता. मैत्रीने हात मांडीवर घेतले.

"तसं नाही," ओव्हाळ म्हणाले.

"काय तसं नाही?"

"शेवटचं वाक्य." त्यांनी पडद्याला बोट लावलं. "'मी ताटातलं सगळं जेवून उठले.' असं आहे तिथे."

मैत्रीने मान हलवली, तीन शब्द खोडले आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. लिहून झाल्यावरही ती त्याच ओळीकडे बघत राहिली.

आपण काय बोलून बसलो हे ओव्हाळांच्या तेव्हा ध्यानात आलं. ते मागे सरकून पलंगावर हेल्मेटच्या शेजारी बसले.

"तुला कुणी सांगितलं?"

"आईने. लिहिलं त्याच दिवशी फोनवर वाचून दाखवलं होतं."

"तुला वाचून दाखवलं." त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणावंसं वाटलं. "तुला. आणि मी समोर बसून रोज तिच्याबरोबर चहा पीत होतो. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. आणि तू? तीन वर्षं दर रविवारी येतेस. ह्याच पलंगावर बसतेस. शोधताय ना, म्हणून विचारतेस. सगळं माहीत असून विचारत होतीस?"

"हो."

"मायलेकींनी मिळून..." संगणकाने दगा दिला तो काहीच नव्हता. जो कागद आपण इतकी वर्षं दाबून बसलो, तो घरात सगळ्यांचा वाचून झालेला होता, आणि कुणी आपल्याला सांगितलं नव्हतं. "मला बोलायची नाहीस? भांडायची नाहीस?"

"तुम्ही सापडत नाही म्हणत होता, पप्पा. मी आपली म्हणायची, सापडेल." मैत्रीने डोळे पुसले आणि खुर्ची पुन्हा पडद्याकडे वळवली. "फोनवर आईने इथपर्यंतच वाचलं होतं. नंतर म्हणाली, आता शेवट करायचा राहिलाय. पुढे काही आहे का?"

पुढचं मैत्रीला माहीत नव्हतं. शर्मिलाताईंना नव्हतं, संभाजीला नव्हतं, आणि आज सकाळपासून ह्या संगणकालाही नव्हतं. पुढे काही नाही असं ते म्हणाले असते, तर ते ह्या जगातल्या कुठल्याही गठ्ठ्यात सापडलं नसतं.

त्यांनी हेल्मेटची पट्टी हातात घेतली, तिचं बक्कल लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"एक ओळ आहे," ते म्हणाले.

"सांगा."

"'ह्यांना मी विचारलेलं नाही. ते आपण होऊन सांगतील असं मला अजून वाटतं, म्हणून हे मी प्रलंबितमध्ये ठेवते आहे.'"

मैत्रीने ती ओळ सावकाश लिहिली, एकेक कळ दाबत. मग चष्म्याचं घर उचललं, खालचा फॉर्म सुलटा केला आणि पेनचं टोपण काढून वडिलांच्या हातात दिलं.